विहिरीचे औषध

दोन हजार तेवीस साल ते. तमिळांचा आडी महिना नुकता लागला होता, कालव्यांना पाणी येऊन महिना झाला होता, आणि मंगळवारी सकाळी कॉफीची भांडी विसळून कमलाक्षी पदराला हात पुसत होती, तोच बांधकामावरचा इंजिनिअर शिवकुमार मैसूरपाकाचा डबा घेऊन दारात उभा राहिला. "अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला, "तुमच्या विहिरीनं आम्हाला वाचवलं." पुढे केलेला डबा परत लोटू नये, म्हणून तिने तो घेतला. विहिरीने कुणाला वाचवले हे शहात्तर वर्षांत तिने प्रथमच ऐकले. विहिरीतून कुणाला वाचवले, हे मात्र दोनतीनदा ऐकले होते. शिवकुमार ओसरीच्या कट्ट्यावर बसला आणि घाम पुसत आनंदाने सांगू लागला. गल्लीच्या मध्यावर एका बंद पडलेल्या लॉरी कंपनीची जागा होती. ती आता महापालिकेकडे आली होती आणि तिथे गाड्या ठेवायची चार मजली इमारत उठणार होती. खोदताना काळी माती लागली, डिझेलचा वास आला, म्हणून पाण्याची तपासणी मागे लागली. जागेत खोल नळ्या उतरवल्या, त्यांत मँगनीज सापडले. खालच्या अंगाला चंद्रमतीचे घर, तिच्या विहिरीतही सापडले. "सगळे म्हणायला लागले, लॉरीवाल्यांच्या जुन्या डिझेलच्या टाकीमुळेच. पण अम्मा, पाणी नदीकडून येतं आणि खाली जातं. तुमची विहीर वरच्या अंगाला. तिथवर आमच्या जागेतलं काही पोचूच शकत नाही. आणि तुमच्या विहिरीत काय निघालं? तेवढंच मँगनीज! म्हणजे ते ह्या मातीतच आहे, तुमच्या आजोबांच्या काळापासूनचं. आमचा दोष नाही. शुक्रवारी वॉर्ड ऑफिसात बैठक, साहेब सही करतील. शनिवारी तळाचं काँक्रीट." कमलाक्षी म्हणाली, "बरं झालं." तो हसत उठला, चपला घालून गेला, आणि ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. डबा तुपाने ओशट होता, आणि तो ओशटपणा बोटांवरून मनगटापर्यंत चढत चालला आहे असे तिला वाटत होते.

मग ती मागल्या दारी गेली, न्हाणीशेजारच्या कोनाड्यापाशी. तिथे रिठ्याच्या पुडीमागे एक तपकिरी बाटली होती. बाटलीत काळसर जांभळे खडे होते, उन्हात धरले तर भुंग्याच्या पाठीसारखे चमकणारे. माहेरी त्याला विहिरीचे औषध म्हणत. आईही तेच म्हणे, आईची आईही. आईच्या लहानपणी शेजारच्या तिरुवैयारुला उत्सवाची गर्दी झाली की पटकीची साथ यायची आणि सरकारी माणसे विहिरीविहिरींत हे खडे टाकत फिरायची. साथ गेली, माणसे गेली, खडे मात्र घरात राहिले, आणि पुढे त्यांचा रिवाज झाला; तो कमलाक्षीने सासरीही आणला. कुणी घर बघायला, मुलगी बघायला, बारशाला, श्राद्धाला येणार असले, की तीन दिवस आधी विहिरीत औषध घालायचे. बरोबर तीन दिवस. घागरभर पाण्यात खडे विरघळवायचे, वांग्याच्या फुलाचा रंग आला की ते विहिरीत ओतायचे. पाहुणा येईपर्यंत गुलाबी रंग जायला हवा. "पाहुण्याला रंग दिसतां कामा नये," आई म्हणायची, "आणि आपण घातलें नाहीं असेंही होतां कामा नये." बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी होती. कमलाक्षीने मोठ्या पोस्टात सदतीस वर्षे चिठ्ठ्या वाचण्यातच घालवली होती. कामाच्या तर वाचायच्याच, पण नवऱ्याच्या सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठीसुद्धा ती वाचल्याखेरीज सोडत नसे. ही मात्र तिने कधी वाचली नव्हती. आता वाचली. पोटॅशियम पर-मँगनेट. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षरे बदलली नाहीत.

जूनमध्ये ती मुलगी येणार होती ना. कीर्तना तिचे नाव. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेतली, घराणे कमलाक्षीसारखे मराठीच, पण तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या मुरलेले. समजायचे सगळे, बोलताना अडखळायची. आधी फोन करून, आजीला घालतात ती तमिळ हाक घालत, म्हणाली होती, "पाट्टी, गुरुवारी तुमची विहीर बघायला येते." बघायला येते! कमलाक्षीने सोमवारी औषध घातले. त्यात तिने विचार असा केलाच नाही. हात आपोआप कोनाड्याकडे गेला, जसा दारात कुणी आले की पदर आपोआप खांद्यावरून पुढे येतो. गुरुवारी मुलगी आली, पाठीवर पिशवी, हातात बर्फाची पेटी. तिने विहिरीत एक लांब फीत सोडली. फीत पाण्याला टेकली तशी तिच्या हातातली चकती किणकिणली आणि कमलाक्षीला हसू फुटले. विहीर बोलते आहे असे वाटले. मग मुलीने पाणी काढले, बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर तारीख-वेळ लिहिली. त्या तारखा बघून कमलाक्षीला तिच्याविषयी माया वाटली. तारीख नीट टाकणारी माणसे कमी झाली होती. कॉफी पिताना मुलीने समजावून सांगितले की जमिनीत डिझेल मुरले की तिथली हवा संपते, आणि मग मातीतले मँगनीज सुटून पाण्यात येते. डिझेल दिसायच्या आधी ते दिसते. "म्हणजे पाहुणा यायच्या आधी त्याचं खोकणं ऐकूं येतें, तसें?" कमलाक्षीने विचारले. "करेक्ट, पाट्टी!" मुलगी खूष झाली. मग तिने कागद काढला आणि विचारले, "पंधरा दिवसांत विहिरीत काही टाकलं का? ब्लीचिंग? चुना? औषध?" आणि कमलाक्षी म्हणाली, "कांहीं नाहीं गे. असेंच आहे आमचें पाणी."

असेच आहे. आता न्हाणीच्या दारात बसून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होती आणि तिला राग येत होता तो स्वतःचा नव्हे, त्या वाक्याच्या गोडव्याचा. किती सहज आले होते ते! असे सहज खोटे ती आयुष्यात एकदाच बोलली होती. एकोणसत्तर साली, सासरची मंडळी तिला बघायला आली तेव्हा. आईने तिच्या गालांना पावडर लावली होती आणि बजावले होते, विचारलें तर नाहीं म्हण. होणाऱ्या नवऱ्याची, श्रीनिवासरावांची, आत्या उंच, नाकात दोन्हीकडे हिरे. तिने चिमटीत कमलाक्षीची हनुवटी धरली, "पावडर लावलीस काय गे?" "नाहीं." आत्याने अंगठा गालावरून फिरवला आणि तो सर्वांना दिसेल असा वर धरला. पांढरा. आई खांबाला टेकली. आणि आत्या म्हणाली, "खोटें बोलतांना डोळे खालीं घातले नाहींत मुलीनें. सरकारी नोकरींत चालेल ही." सगळे हसले, सुपारी फुटली, आणि पुढे अडतीस वर्षे श्रीनिवासराव भांडणात हरू लागले की अंगठा वर धरत. ते गेले त्याला आता सोळा वर्षे झाली. त्यांचा अंगठा आठवून तिला नेहमी हसू येई. आज हसू आले, पण ओठांपर्यंत येऊन थांबले. त्या खोट्याने कुणाचे काही गेले नव्हते. गाल तिचेच होते.

बुधवारी दुपारी चंद्रमती आली. चंद्रमती तिच्याहून एका वर्षाने मोठी. दोघी एकाच शाळेत एका बाकावर बसल्या, एकाच गल्लीत दिल्या गेल्या, आणि गेली पन्नास वर्षे कुणाच्या विहिरीचे पाणी चांगले यावरून भांडत आल्या. चंद्रमतीचे म्हणणे, तिच्या पाण्यात तूरडाळ दोन शिट्या आधी शिजते. कमलाक्षीचे म्हणणे, डाळ शिजते, पण कॉफी मरते. आज चंद्रमती दारातूनच आरोळी देत आली. "ऐकलें मीं! तुझ्याही विहिरींत तेंच निघालें म्हणे!" तिचा चेहरा नवरात्रीतल्या बाहुलीसारखा उजळला होता. "बस आधीं," कमलाक्षी म्हणाली. "बसतें की. आज तर पाय पसरून बसतें. पन्नास वर्षें मान वर करून फिरलीस, तुझी विहीर म्हणजे गंगा! आतां? माझी गटार तर तुझीही गटार." "कोणीं गटार म्हटलें?" "तूंच म्हटलेंस, सुब्बी आत्याच्या तेराव्याला, अस्के, सगळेच्या सगळे, ऐकत होते." कमलाक्षीने मैसूरपाक पुढे केला. चंद्रमतीने दोन तुकडे घेतले, एक तोंडात, एक पदराच्या टोकाला. "हा आमच्या कुट्टीला." कुट्टी म्हणजे तिच्या नातीची मुलगी हरिप्रिया, अडीच वर्षांची. आईबाप चेन्नैला नोकरीला, म्हणून पणजीकडे ठेवलेली. मग मैसूरपाक चघळत चंद्रमती अगदी सहज म्हणाली, "कॅनचें पाणी बंद केलें मीं आजपासून. नात रोज फोनवर ओरडते, बाटलीचेंच पाज, बाटलीचेंच पाज. माझ्या पाण्याला हल्लीं थोडा वास येतो, भांडीं काळवंडतात, म्हणून मीही भ्यालें होतें. पण शिवकुमार म्हणाला, तें मातींतलेंच आहे, कमलाक्षी अम्मांच्या विहिरींतही तेवढेंच. मग मीं म्हटलें, ती रोज तीन वेळां तीच कॉफी पिऊन घोड्यासारखी चालते, तर कुट्टीला काय होणार? सकाळीं दिलें तिला विहिरीचें. गटागटा प्याली." कमलाक्षीने डब्याचे झाकण लावले. "काय गे, मत्सर झाला?" चंद्रमती म्हणाली. "चंद्रा, नको देऊंस तिला तें पाणी." "पाहिलेंस! अजून घमेंड जात नाहीं!" आणि ती खदखदत निघून गेली.

त्या वेळी तिला थांबवून सांगता आले असते. कमलाक्षी उठलीही होती. पण चंद्रमतीची पाठ, आनंदाने हलणारी, गल्लीच्या उन्हात दूर जात होती, आणि कमलाक्षीच्या मनात एक विचित्र हिशेब उभा राहिला. सांगितले तर विहिरीची पुन्हा तपासणी होईल. आणि औषधाशिवायचे पाणी कसे आहे, हे तिला तरी कुठे ठाऊक होते? नवऱ्याला पाजले, सासूला शेवटचे दोन थेंब घातले, तिरुवैयारुहून गाणे शिकून धापा टाकत येणाऱ्या पोरींना तांब्यातांब्याने दिले. ते पाणी खरेच चांगले होते की पन्नास वर्षे ते नुसते पावडर लावून बसले होते? दारावर लाल अक्षरांत "पिण्यास अयोग्य" असा पत्रा लागला तर? तिला त्या पत्र्याची भीती वाटत होती, आणि अडीच वर्षांची पोर गटागटा पाणी पिते आहे हे डोळ्यांसमोर असताना पत्र्याचे भय वाटावे, याची शरम वाटत होती. गुरुवारी तिने सकाळीच वीस लिटरचा कॅन मागवला आणि चंद्रमतीकडे पाठवला. चंद्रमतीने तो तसाच परत पाठवला. वर निरोप: तूंच पी, तुला गरज आहे. कमलाक्षीने दिवसभर स्वतःच्या विहिरीचे पाणी तोंडात घोळवून पाहिले. कधी गोड लागले, कधी लोखंडासारखे. जिभेला साक्षीला बोलावले तर ती नेहमी दोन्हीकडून बोलते, हे तिला कळून चुकले. संध्याकाळी ती विहिरीत डोकावली. खाली वर्तुळात आकाशाचा तुकडा होता आणि त्यात तिचे डोके, पांढरे, छोटे. पोस्टात एकदा तिच्या हाताखालच्या माणसाने उशिरा आलेल्या पत्रांवर आदल्या दिवसाचा शिक्का मारला होता, तेव्हा तिने त्याला सर्वांसमोर उभे करून विचारले होते, तारीख म्हणजे काय वाटली तुला, रांगोळी? तो माणूस रडला होता. त्याचा चेहरा तिला आज नीट आठवला, नाव आठवले नाही.

शुक्रवारी ती ऑटोने वॉर्ड ऑफिसात गेली. निळी कांजीवरम नेसली, कारण अपमान व्हायचाच तर चांगल्या लुगड्यात व्हावा. खोलीत पंखा करकरत होता, पंचवीसतीस माणसे होती, पुढच्या रांगेत चंद्रमती मांडीवर कुट्टीला घेऊन बसली होती. अधिकारी तरुण होता, सौम्य, घाईत. शिवकुमारने नकाशा दाखवला, बाण दाखवले, आकडे वाचले. कीर्तनाने तिचा अहवाल वाचला. वाचताना ती एकदा थांबली आणि म्हणाली, वरच्या विहिरीचा आकडा आजूबाजूच्या कुठल्याच विहिरीशी जुळत नाही, मला तो पटत नाही. पण तिच्याकडे कारण नव्हते. "पटत नाही हा पुरावा नव्हे," अधिकारी म्हणाला आणि पेनचे टोपण काढले. कमलाक्षी उभी राहिली. गुडघा करकरला, पंख्याहून मोठ्याने. "साहेब," ती तमिळमध्ये म्हणाली, "त्या आकड्यात माझा हात आहे." मग तिने पुढे जाऊन पर्समधून तपकिरी बाटली काढली आणि टेबलावर, सहीच्या कागदावर ठेवली. सगळे सांगितले. आई, पटकी, वांग्याचे फूल, तीन दिवस. "मुलगी बघायला येणार म्हणून मी विहिरीला पावडर लावली." आधी कुणीतरी खुसकन हसले, मग दुसरे, मग सगळी खोली हसली, शिवकुमारसुद्धा, आणि मग त्याच्या लक्षात आले की हसण्यासारखे नाही, तेव्हा तो एकटाच गप्प झाला. अधिकाऱ्याने कीर्तनाकडे पाहिले. "विहिरीत काही टाकलं होतं का, हे विचारायचं असतं ना? विचारलं नव्हतंस?" मुलीचे कान लाल झाले. तिने कागदातली ओळ दाखवायला बोट पुढे केले आणि मागे घेतले. म्हाताऱ्या बाईला उघडे कसे पाडायचे, असे तिच्या तोंडावर दिसत होते. "विचारलं होतं," कमलाक्षी म्हणाली. "तिने नाव घेऊन विचारलं होतं, औषध टाकलं का. मी खोटं सांगितलं. तिचं काम चोख आहे. तारीखसुद्धा बरोबर आहे." तिने डोळे खाली घातले नाहीत. पण ह्या वेळी तसे ठेवणे फार जड गेले. मागून चंद्रमतीचा आवाज आला, मराठीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईलसा. "म्हणजे तुझें पाणी माझ्यासारखें नाहीं?" "ठाऊक नाहीं गे. तुझें तपासलेलें आहे, माझें नाहीं. पण कुट्टीला तें देऊं नकोस." चंद्रमतीने मांडीवरच्या पोरीकडे पाहिले, पोर तेवढ्यात बाटलीच्या झाकणाशी खेळत होती, आणि चंद्रमतीने ती बाटली तिच्या हातातून हळूच काढून खुर्चीखाली ठेवली. त्या एका हालचालीने कमलाक्षीच्या छातीवरचे काहीतरी उतरले, आणि चंद्रमतीच्या चेहऱ्यावर चढलेले तिला दिसले. अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावले.

पुढल्या आठवड्यात विहीर उपसली. कीर्तनाने पंप आणला, गाळ काढणारे दोघे दोरावरून उतरले, आणि दुपारपर्यंत तळ दिसला. कमलाक्षीला कठड्यापाशी खुर्ची दिली होती. त्या खुर्चीतून तिने स्वतःच्या विहिरीचा तळ जन्मात प्रथम पाहिला. तिथे काही रहस्य नव्हते. तपकिरी साका होता, तो घमेल्याघमेल्याने वर आला. तो पन्नास वर्षांच्या पाहुणचाराचा साका आहे, असे तिने मनाशी म्हटले आणि तिला मोठ्याने हसू आले. मग भिंती घासून झाल्या, माणसे वर आली, आणि उत्तरेच्या बाजूने, नदीकडून, दगडांच्या फटीतून पाणी आले. बारीक, करंगळीएवढे. आवाज न करता ते तळाच्या खोलगट भागात जमू लागले. कीर्तना तिच्या शेजारी कठड्याला पोट टेकून पाहत होती. "पाट्टी, हे आजचं पाणी," ती म्हणाली. "ह्याच्यात कुणाचं काही नाही." कमलाक्षीला वाटले, हे विहिरीचे खरे तोंड, सकाळी उठल्याउठल्याचे. ते तिने कधी पाहिलेच नव्हते. पाहायला काही वाईट नव्हते. दोन दिवसांनी नमुना घेतला. कुणी बघायला येणार असूनही ह्या वेळी घरात कुणी कशाला हात लावला नाही. नुसते बसून राहायला तिला फार कष्ट पडले.

आकडा आला तो जवळजवळ शून्य. वरचे पाणी स्वच्छ, मधले आणि खालचे बिघडलेले. मग बोलण्यासारखे काही उरले नाही. काँक्रीट थांबले, जागा आणखी खोदली, सव्वा पुरुष खोलीवर गंजलेली टाकी सापडली आणि तिच्याभोवतीची काळी माती लॉऱ्यांतून जाऊ लागली. चार महिने गल्लीत धूळ होती आणि त्या धुळीबद्दल सगळे कमलाक्षीला बोल लावत.

शिवकुमारची बदली नागपट्टिणमला झाली. तिथे मीठच मीठ, पाण्याविषयी कुणी काही विचारत नाही, असे त्याने जाताना सांगितले. मैसूरपाकाचा डबा परत मागायला त्याला धीर झाला नाही, तो अजून तिच्याकडे आहे. कीर्तना सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली, तिरुचीच्या ऑफिसात बसते, मराठी पहिल्यापेक्षा बरे बोलते आणि तीन महिन्यांनी एकदा जातीने नमुने घ्यायला येते. हरिप्रिया चेन्नैला शाळेत जाते. ठणठणीत आहे. इमारत उभी राहिली, तिच्यात गाड्या कमी आणि कबुतरे जास्त असतात. चंद्रमतीची विहीर अजून बंद आहे. दर तिमाहीला तिच्या घरी इंग्रजीत कागद येतो. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ती तो घेऊन कमलाक्षीकडे येते, आणि कमलाक्षी चष्मा लावून आकडा वाचते. तीन वेळा आकडा उतरला होता. गेल्या खेपेला पावसानंतर तो थोडा चढला. कमलाक्षीने तो चढलेला आकडा वाचला, मागच्या आकड्याशी ताडून, किती चढला तेही वाचले. चंद्रमतीने कागदाची घडी घातली. मग उठून पदर खोचत म्हणाली, "खोटें बोलायचीस तेव्हांच बरी होतीस गे तूं. चल, कॉफी ठेव."